म्हशीचे डुंबणे आणि माणसाचा गारवा

वैशाखाच्या दुपारी पाण्यात नाकापर्यंत बसलेली म्हैस पाहून आपण तिला आळशी म्हणतो. वास्तविक ती तिची गरज आहे. तिची कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने थोड्या. ऊन अंगात शिरते, पण घामावाटे पुरेसे बाहेर पडत नाही. ते काम डोहाने आणि चिखलाने करायचे. कुत्रा धापा टाकतो, त्याच्या जिभेवरची ओल वाळते आणि रक्त निवते. तहानलेल्या उंटाची रीत निराळी. तो दिवसा अंग सुमारे ४१ अंशांपर्यंत तापू देतो व रात्रीच्या गारव्यात ३४ अंशांच्या आसपास आणतो. घामात जाणारे पाणी तेवढे वाचते. सूरह गाशियामध्ये उंटाच्या घडणीकडे लक्ष वेधले आहे, ते उगाच नव्हे.

अल्लाहने प्रत्येक वस्तूला तिची घडण दिली आणि मग तिला मार्ग दाखविला, असा आशय सूरह ताहामध्ये येतो. म्हैस डोहाकडे वळते ती याच मार्गदर्शनाने. माणसाला घाम दिला, पण बाकीची सोय देहाबाहेर ठेवली. सूरह नह्लमध्ये घरे, सावल्या, डोंगरांतील आसरे आणि उष्म्यापासून रक्षण करणारी वस्त्रे निआमती म्हणून सांगितल्या आहेत. निआमत आली की हिशेब आला. म्हैस निवली म्हणून कोणाचे अंग तापत नाही. आपले वातानुकूलन यंत्र मात्र खोलीतली उष्णता गल्लीत नेऊन टाकते, आणि त्या गल्लीत कोणीतरी राहत असते.

या प्रश्नाचे मोठे उदाहरण मुळशी तालुक्यातच आहे. वरसगाव जलाशयाकाठी लवासा वसविताना एचओके या वास्तुरचना संस्थेने बायोमिमिक्री गिल्डला सोबत घेऊन सह्याद्रीच्या निसर्गाकडून धडे घेण्याचा प्रयत्न केला. वडाच्या पानाचे टोक पाणी कसे निथळवते यावरून कौलांची कल्पना, तर मुंग्या वारुळाभोवतीचे पावसाचे पाणी कसे वळवतात यावरून निचऱ्याची. विचार सुंदर होता, हे मान्य केले पाहिजे. पुढे नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस दिली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या वादाचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नव्हे. पण कुरआनातही एक मुंगी आहे. हजरत सुलैमान (अ.) यांचे सैन्य येताना पाहून ती इतर मुंग्यांना घरांत शिरण्यास सांगते, कारण सैनिक नकळत त्यांना तुडवतील. सुलैमान (अ.) तिचे बोलणे ऐकतात, हसतात आणि कृतज्ञतेची दुआ करतात. मुंगीच्या वारुळाची रचना शिकता येते. मुंगीचे बोलणे ऐकायला मात्र चालते सैन्य असताना कान जमिनीशी ठेवावा लागतो.

आता आपल्या दाराशी येऊ. जनावराला चारा-पाणी दिले की मालकाचे कर्तव्य संपले काय? सातव्या हिजरी शतकातील फकीह इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी जनावरांचे हक्क मोजताना चाऱ्याबरोबर त्यांची बसण्याची आणि पाण्याजवळच्या विसाव्याची जागाही नीट राखण्याचा उल्लेख केला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ असा की ज्या देहाला जी सोय आवश्यक, ती त्याचा हक्क. काठ बांधून डोह बंद झाला, तर म्हशीचा हक्क गेला. मग तबेल्यात सावली हवी आणि दुपारी अंगावर पाणी हवे. हे उपकारात मोडत नाही.

सध्या ईदुल-अजहा मे-जूनमध्ये येत आहे. बोकड आठवडाभर आधी आणून पत्र्याखाली किंवा गच्चीवर बांधले जातात. तोंड उघडून वेगाने धापा टाकणारा बोकड हट्टी किंवा घाबरट नसतो, बहुधा त्याचे अंग तापलेले असते. जबह करताना सुरी धारदार असावी आणि जनावराला आराम द्यावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण सांभाळतो. तो आराम गच्चीवरच्या पहिल्या दुपारपासून मोजायचा की शेवटच्या क्षणापासून, हे दावे बांधतानाच ठरते.