समोर नसलेला माणूस

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी सायंकाळी आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. सरकारी नोकरीत त्यांची सव्वीस वर्षे गेली. त्यांची दोन्ही मुले आमच्या डोळ्यांसमोर वाढली. हातात पडताळणी समितीच्या निर्णयाची प्रत होती. अनुसूचित जमातीचा त्यांचा दावा अवैध ठरला होता. कागद टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, "फादर, मी चोर आहे का हो?" त्यांच्या वडिलांनी तो दाखला तहसील कचेरीतून आणला, तेव्हा हे नुकतेच मॅट्रिक झाले होते. भाऊबंदांपैकी बहुतेकांनी आणला होता. कोणी हरकत घेतली नाही, साहेबांनी शिक्का मारला आणि त्या शिक्क्यावर त्यांचा संसार उभा राहिला.

आम्हांला लगेच उत्तर देता आले नाही. नीतिशास्त्र आम्ही सेमिनरीत शिकलो खरे, परंतु पुस्तकातल्या चोराला चेहरा नसतो. येथे तर ओल्या डोळ्यांचा, चहाचा पेला हातात तसाच थंड होऊ दिलेला एक माणूस आमच्यासमोर बसला होता. चेहरा नव्हता तो दुसऱ्याला, ज्याच्या वाट्याची ती जागा होती त्याला. वाचकहो, आम्हांला येथे मुख्यत्वे त्या दुसऱ्याविषयी बोलावयाचे आहे.

महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत अनुसूचित जमातींसाठी सात टक्के जागा राखीव आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यातील त्यांची लोकसंख्या एक कोटी पाच लाख, म्हणजे नऊ टक्क्यांहून अधिक. मुळात ताटच लहान. त्यात दुसऱ्यांचे हात पडले. ते कसे पडले याची हकीकत आमच्या बुलढाणा जिल्ह्याने तरी विसरू नये. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने जमातींची यादी झाली तेव्हा तिला क्षेत्राचे बंधन होते. विदर्भातील मेळघाट, गडचिरोली व सिरोंचा, केळापूर, वणी व यवतमाळ असे मोजकेच तालुके त्यात होते. सातपुडा तोच, भाषा तीच, सोयरीकही तीच. पण मेळघाटची हद्द ओलांडून जळगाव जामोदच्या बाजूला उतरले की कोरकू माणूस कागदावर आदिवासी राहत नसे. हा उघड अन्याय होता. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तो दूर केला आणि १९७७ पासून राज्यभर यादी एक झाली.

मात्र त्याच दरवाजातून इतरही आत आले. यादीतील जमातीच्या नावाशी आपल्या जातीचे नाव जुळते, एवढ्या आधारावर हजारो दाखले निघाले. त्यांत निव्वळ लबाड होते, तसेच खरोखरच पिचलेले लोकही होते. हातमाग बसल्यानंतर विणकराच्या घरात काय उरले, हे ज्यांनी पाहिले आहे ते त्यांना सरसकट दरोडेखोर म्हणणार नाहीत. एका उपाशाने दुसऱ्या, त्याहून उपाशी माणसाची भाकर उचलली, असेच पुष्कळ ठिकाणी घडले. उचलताना तो दुसरा समोर नव्हता, डोंगरात होता. समोर होता तो फक्त कारकून.

पवित्र शास्त्रात याकोबाची कथा आहे. आंधळ्या इसहाकाकडून एसावाचा आशीर्वाद मिळवण्यासाठी तो करडांची कातडी हातांना गुंडाळून गेला. आपण प्रवचनांत याकोबाला दोष देतो. पण ती कातडी त्याच्या अंगावर चढवली होती ती आईने, रिबकेने. आमच्याकडे आलेल्या त्या गृहस्थांच्या अंगावरही त्यांच्या वडिलांनीच ती चढवली होती, प्रेमापोटी. आणि एसाव त्या वेळी कोठे होता? रानात, शिकारीला. आपला आशीर्वाद गेल्याचे त्याला घरी परतल्यावर कळले. आमच्या एसावाला तर तेही कळत नाही. निवड यादीत नाव नाही, एवढेच त्याला दिसते. ते का नाही, हे त्याला कोणीही सांगत नाही. ज्याची चोरी झाल्याचे त्यालाच ठाऊक नाही, तो फिर्याद कोणावर करणार?

न्यायालयांनी या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंज दिली. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली. पुढे राज्याने त्यासाठी कायदा केला. २००० साली घटनापीठाने हलबा-कोष्टी हे हलबा जमातीत मोडत नाहीत असा निर्णय दिला. त्या प्रकरणातील विद्यार्थी एव्हाना डॉक्टर झाला होता. त्याच्या शिक्षणावर जनतेचा पैसा खर्च झाला आहे, पदवी काढून कोणाचेच भले होणार नाही, म्हणून ती राहू दिली. मात्र यापुढे जमातीचा लाभ घेता येणार नाही असे बजावले. या दयेचा आधार घेऊन नंतर असंख्य लोक संरक्षण मागू लागले. अखेर ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दाखला अवैध ठरला की लाभ गेला. वर्षे लोटली म्हणून किंवा फसवणुकीचा हेतू नव्हता म्हणून तो टिकणार नाही. निकाल कठोर वाटतो. परंतु न्यायाधीशांनी त्या दिवशी कोर्टात हजर नसलेल्या माणसाकडे पाहिले, असे आम्हांला वाटते.

मग आमच्या गृहस्थांना काय सांगावे? कॅथलिक नीतिशास्त्राने येथे फार पूर्वी एक भेद केला आहे. जाणूनबुजून घेणारा वेगळा आणि आपलेच आहे अशा समजुतीने बाळगणारा वेगळा. दुसऱ्याला चोर म्हणता येत नाही. त्याने भोगून संपवलेल्याचा हिशेबही त्याच्याकडे मागता येत नाही. पण ही वस्तू आपली नव्हे हे कळल्याक्षणी ती परत करणे त्याला बंधनकारक ठरते. कळल्यानंतरही ठेवली, तर मात्र तो पहिल्या वर्गात जाऊन बसतो. हा भेद आम्ही त्यांना समजावून सांगितला. सव्वीस वर्षांचा पगार तुमच्या कष्टांचा आहे, आमच्या मते तो कोणी मागू नये. पण ती जागा तुमची नाही.

शासनाने २१ डिसेंबर २०१९ च्या निर्णयाने जी वाट काढली, ती या विचाराच्या बरीच जवळ आहे. अवैध ठरलेल्यांना अधिसंख्य पदांवर, अकरा महिन्यांच्या मुदतीने वर्ग करावयाचे आणि मोकळ्या झालेल्या जागा खऱ्या आदिवासींमधून भरावयाच्या. साडेबारा हजार जागांचा आकडा तेव्हापासून सर्वांच्या तोंडी आहे. वर्ग केलेल्यांचे वेतन चालू राहिले, पुढे निवृत्तीच्या लाभांचीही सोय झाली. एवढ्या दयेबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी. दया तत्परतेने अमलात येते, कारण ती मागणारा कचेरीच्या दारात उभा असतो. भरती रेंगाळते, कारण तिची वाट पाहणारा पाड्यावर असतो. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी आदिवासींच्या मागण्यांसाठी मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घेतली. पेसा क्षेत्रातील रखडलेली भरती ही त्यांतली एक मागणी होती. उपाध्यक्षांनाच जर उडी मारावी लागते, तर भिंगाऱ्याच्या किंवा चाळीस टापरीच्या मुलाने काय करावे?

शिवाय त्या भरतीचाही त्याला उपयोग नाही. पेसा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होतो. राज्याच्या तेरा जिल्ह्यांत असे क्षेत्र आहे, बुलढाण्यात नाही. १९५० च्या रेषेने त्याला बाहेर ठेवले होते. ही दुसरी रेषाही शेजारच्या मेळघाटापाशी येऊन थांबते.

जळगाव जामोदकडील एका पाड्यावरचा असाच एक तरुण आम्हांला ठाऊक आहे. भिलाला, घराण्यातला पहिला पदवीधर. त्याला १९५० पूर्वीचा पुरावा मागण्यात आला. आजोबा शाळेत गेले असते तर शाळेच्या दाखल्यात जमात लिहिली गेली असती. आजोबा गुरे राखत होते. वनखात्याच्या जमिनीवर घर, म्हणून सातबारा नाही. जो जितका अधिक वंचित, त्याच्याकडे कागद तितके कमी; आणि पडताळणी तर कागदाची. खोटा दाखला काढणाऱ्याची फाइल मात्र जाडजूड असते. चालीरीती, देवदेवता, बोली विचारून घेतली जाणारी आप्तभाव चाचणी हीच निर्णायक कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये म्हटले आहे. ते ठीकच झाले. शहरात शिकलेल्या मुलाला पूजेचा विधी आठवला नाही म्हणून तो भिलाला राहत नाही, असे थोडेच आहे?

येथवर आम्ही सरकारविषयी लिहिले, कारण ते सोपे आहे. आता थोडे घरचे. अल्पसंख्याकांच्या संस्थांना कर्मचारी नेमताना आरक्षणाचे बंधन नाही. घटनेच्या तिसाव्या कलमाने मिळालेला हा अधिकार आपण जपतो आणि जपावाही. पण बंधन नाही म्हणजे कर्तव्यही नाही, असे कोणी ठरवले? महिन्यापूर्वी आम्ही ज्या शाळेच्या व्यवस्थापनात आहोत तिचे हजेरीपत्रक पुढे घेऊन बसलो. वसतिगृहात डोंगरातली मुले भरपूर. त्यांच्या छायाचित्रांवर देणग्या येतात. स्वयंपाकघरात दोन आदिवासी बाया, फाटकावर एक आदिवासी पहारेकरी. शिक्षकवृंदात एकही नाही. कार्यालयात एकही नाही. कोणीही खोटा दाखला आणला नव्हता. जागा निघाली की कोणाचा तरी भाचा, कोणाची तरी सून ओळखीची निघाली आणि आम्ही सही केली. त्या भाच्याचा चेहरा आमच्यासमोर होता. धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळावे अशी मागणी होते तेव्हा जमात ही धर्मावर ठरत नाही असे आपण हक्काने सांगतो, आणि ते कायद्याने खरे आहे. पण त्याच आदिवासीला आपण आपल्या शाळेत खडू हातात दिला आहे काय? व्यवस्थापनाच्या येत्या बैठकीत हा विषय आम्ही लेखी मांडला आहे. विरोध होणार हे दिसतेच आहे. पहिला आक्षेप 'गुणवत्ते'चा असेल आणि तो घेणाऱ्यांत भाच्यांचे मामा असतील.

ते गृहस्थ त्या दिवशी आमच्याकडे एक पत्र मागण्यासाठी आले होते. सचोटीने नोकरी केली, कोणाचा पैसा खाल्ला नाही, असे आम्ही लिहून दिले. ते खरेच आहे. जमातीविषयी चार शब्द घाला, म्हणाले. तुमच्या शब्दाला साहेब मान देतात. ते आम्ही लिहिले नाही. पत्र त्यांनी दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले. मग थोडा वेळ गप्प बसून विचारले, "माझ्या जागेवर तेव्हा कोण लागलं असतं फादर, याची कुठं नोंद असते का?" आम्ही सांगितले, प्रतीक्षा यादी असते, पण इतक्या वर्षांची कोणी जपून ठेवली असेल असे वाटत नाही. खामगावची गाडी सुटायला दहा मिनिटे होती. आम्ही त्यांना छत्री दिली आणि ते निघाले.