न आलेल्या गाडीची वाट

आमच्या वस्तीच्या खालच्या अंगाला एक कालवा आहे. कालवा म्हणायचं, एवढंच. त्याला पाणी कधी आलं नाही. मी दहावी होऊन घरी राहिलो त्या सुमाराला खोदाई झाली. वडलांची बत्तीस गुंठे जमीन त्यात गेली, तीही विहिरीजवळची काळी. मोबदला मिळाला तो थोरल्या बहिणीच्या लग्नात संपला. पुढं काम थांबलं, ते थांबलंच. आज तिथं वेडी बाभूळ माजलीय. पलीकडच्या तुकड्यात जायचं तर मला अजून वळसा पडतो. वडील मरेपर्यंत एकच म्हणायचे, "पाणी येत न्हाई, तर माझी जमीन तरी माघारी द्या." चाळीस वर्षं मीही तेच म्हणत आलो. त्यात दुसरी बाजू असेल, असं कधी मनात आलं नव्हतं. ती मनात आली स्पेनमध्ये, सायकलवर.

लेक आणि जावई नोकरीपायी तिकडं असतात. गेल्या साली त्यांनी मला नेलं. एके दिवशी लेक म्हणाली, "आप्पा, चला, डोंगरात सायकल चालवायला नेते." मी म्हटलं, "उभा जन्म सायकलवर दुधाच्या किटल्या वाहिल्या. आता या वयात डोंगर चढवतीस व्हय?" ती हसली. म्हणाली, "चढ नाहीच तिथं."

दक्षिणेला आंदालुसिया म्हणून मुलूख आहे. तिथं ओल्वेरा नावाचं गाव. टेकडीवर पांढरी घरं, माथ्यावर किल्ला आणि चर्च. तिथून पुएर्तो सेर्रानो या गावापर्यंत ३६ किलोमीटरची वाट आहे. मोटार नाही, फटफटी नाही. चालणारे आणि सायकलवाले, बस्स. चहूकडं डोंगर, उतारांवर ऑलिव्हची झाडं ओळीनं लावलेली. आणि लेक म्हणाली ते खरं होतं, दम लागेल असा चढ कुठं नव्हता. डोंगर आडवा आला की वाट बोगद्यात शिरायची, दरी आली की पुलावरनं जायची. असे ३० बोगदे आणि ४ मोठे पूल. एक बोगदा तर जवळजवळ किलोमीटरभर लांब. आत गार हवा, अंधूक दिवे आणि आपल्याच चाकाचा आवाज.

मी जावयांना विचारलं, "सायकलीसाठी एवढं डोंगर कुणी फोडलं?"

"सायकलीसाठी नाही, आप्पा. रेल्वेसाठी. गाडीला चढ झेपत नाही. शंभर फुटाला दोन-तीन फुटांच्या वर चढ ठेवता येत नाही, म्हणून हे बोगदे."

"मग रेल्वे बंद कधी पडली?"

"या वाटेवर ती आलीच नाही."

मी ब्रेक दाबला आणि खाली उतरलो.

हकिगत अशी. १९२० नंतरच्या दहा वर्षांत हेरेस ते आल्मार्गेन अशी रेल्वे टाकायचं सरकारनं ठरवलं. डोंगर पोखरले, पूल बांधले, स्टेशनं उभी केली. मग पैशाची ओढाताण झाली, १९३६ ला यादवी युद्ध पेटलं आणि काम राहिलं ते राहिलं. या ३६ किलोमीटरांवरून एकही गाडी धावली नाही. किती तरी वर्षं ते बोगदे तसेच पडून होते. पुढं १९९३ पासून त्या देशात जुन्या रेल्वेमार्गांच्या अशा वाटा करायचं काम सुरू झालं. त्यांना तिकडं 'हिरव्या वाटा' म्हणतात. आज देशभर त्या ३००० किलोमीटरांच्या वर आहेत. बहुतेकींवर पूर्वी गाड्या धावल्या होत्या. ही वाट मात्र न आलेल्या गाडीची.

मधे साफ्रामागोन नावाचा उंच कडा लागतो. तिथं गिधाडांची मोठी वसाहत आहे. डझनावारी गिधाडं घिरट्या घालत होती. गुरांना टोचायच्या एका औषधानं आमच्याकडची गिधाडं गेली, तेव्हापासून आभाळात एवढी मी पाहिलीच नव्हती. मान वर करून बराच वेळ बघत बसलो. पण मन कालव्यातच अडकलेलं. ही जमीन कुणाची तरी असणार. ज्याची गेली त्याला वाटलं असेल, गाडी येईल, माल बाजारात जाईल. गाडी आली नाही. मग जमीन परत मागायचा त्याचा हक्क होता का नाही?

हक्क होता, असंच मी म्हणणार. पण हिशेब पुढं सरकवला तेव्हा अडलो. प्रत्येकाला आपापला पट्टा परत मिळाला असता तर काय झालं असतं? एकानं पट्टा नांगरला असता, दुसऱ्यानं बोगद्यात शेरडं कोंडली असती, तिसऱ्यानं काटेरी कुंपण घातलं असतं. छत्तीस किलोमीटरांचे शेपाचशे तुकडे. कुणालाच पुरेसं नाही, आणि वाट तर नाहीच. माझ्या बत्तीस गुंठ्यांचंही तसंच. कालव्याचा खड्डा मला परत मिळाला तर त्यात मी पेरणार काय?

पण म्हणून 'सगळ्यांचं भलं झालं' म्हणून मोकळं व्हायलाही मन तयार नव्हतं. सगळ्यांचं भलं म्हणणारा बहुधा तो असतो, ज्याचं काही गेलेलं नसतं. सायकलवर मौज करणारा मी पाहुणा. त्या दिवशी मीही तसलाच होतो.

दुपारी सावलीला बसलो होतो. एक म्हातारा ऑलिव्हच्या रानातनं खांद्यावर लांब काठी घेऊन आला आणि वाटेला लागला. लेकीला म्हटलं, विचार त्याला, यात कुणाची जमीन गेली? तो थांबला, डोकं खाजवलं. म्हणाला, "आजोबांची काही तरी गेली म्हणतात. किती, ते आता कोण सांगणार?" मग म्हणाला, "मी रोज इथनंच रानात जातो. पूर्वी डोंगराला वळसा घालावा लागायचा." आणि निघून गेला.

त्याचे दोन्ही शब्द मला लागले. पहिला असा, की तीन पिढ्यांत आकडा पुसला गेला. बत्तीस गुंठे हे मला पाठ आहे, माझ्या पोराला असेल, नातवाला नसेल. कुणी विसरलं म्हणजे न्याय झाला असं नव्हे. दुसरा असा, की त्याचा वळसा वाचला. माझा वाचला नाही. घेणाऱ्यानं घेतलं, हा एक अन्याय. घेतलेलं पडीक टाकून रस्ताही अडवला, हा दुसरा. पहिला कदाचित आता भरून निघणार नाही. दुसरा भरून काढता येतो. मला वाटतं, लोकांकडनं घेतलेली वस्तू परत देता येत नसेल, तर ती कुणाच्या तरी उपयोगाला आली पाहिजे, आणि ज्याची घेतली त्याच्या पहिल्यांदा. ऐपत असलेल्या पाहुण्याचा नंबर त्याच्यानंतर.

उद्या कुणी आमच्या कालव्यात अशी वाट करायची म्हणालं, तर मी लगेच हो म्हणेन का? खरं सांगायचं तर नाही. आधी विचारीन, माझी गुरं तिथनं जातील का? ते विचारायचा मला अधिकार आहे.

गावी आल्यावर एका सकाळी कोयता घेऊन कालव्यात उतरलो. शाळेची पोरं तळातनं जातात, त्यांची एक पाऊलवाट पडलेली होती. दोन्ही बाजूंची बाभूळ तोडली, काठाला चार पायऱ्या खोदल्या. आता पलीकडच्या तुकड्यात मी तिथनंच जातो. बैलगाडी जात नाही, पण माणूस जातो.

शेजारी म्हणाला, "मग अर्ज मागं घेणार का?" म्हटलं, नाही. वडलांच्या अर्जाची नक्कल ट्रंकेत आहे. नातवाला बसवून एकदा ती वाचून दाखवायचीय. बत्तीस गुंठे, हे त्यालाही पाठ पाहिजे.