पाहिलं, तरी मानायचं कशाला?

डिसेंबर २०२४ मध्ये काही माणसं अंटार्क्टिकावरच्या युनियन ग्लेशियरला गेली, ती फक्त सूर्य बघायला. विल डफी नावाच्या कोलोरॅडोतल्या एका पाद्र्याने ही मोहीम आखली होती. त्यात पृथ्वी गोल मानणारे होते, तशीच ती सपाट आहे असं यूट्यूबवर वर्षानुवर्षं सांगणारी मंडळीही होती. प्रश्न साधा होता. डिसेंबरात तिथे सूर्य चोवीस तास मावळत नाही, हे खरं की खोटं?

सपाट पृथ्वीच्या नेहमीच्या नकाशात उत्तर ध्रुव मधोमध असतो आणि अंटार्क्टिका म्हणजे कडेचं बर्फाचं कुंपण. त्या कुंपणावर उभ्या माणसाभोवती सूर्य पूर्ण चक्कर मारताना दिसणं शक्यच नाही. तिथे तो दिसला. जेरन कॅम्पानेला या सपाट-पृथ्वीवाल्या यूट्यूबरने या मुद्द्यावर आपण चुकलो होतो, हे कॅमेऱ्यासमोर मान्य केलं. मग त्याच्याच गोटातल्या काहींनी त्याला फितूर ठरवलं.

मला सूर्यापेक्षा हे 'मग' जास्त छळतं.

माझ्या बारावीतल्या मावसभावाने एकदा विचारलं, "दादा, पृथ्वी गोल आहे हे तू स्वतः पाहिलंयस का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी हे भूगोलाच्या पुस्तकावर विश्वास ठेवून मानलेलं असतं. मग आपल्यात आणि 'त्यांच्यात' फरक काय?

फरक हा, की आपला विश्वास कुणालाही तपासता येतो. ध्रुवतारा पुण्यातून क्षितिजाच्या वर सुमारे साडेअठरा अंशांवर दिसतो, दिल्लीतून साडेअठ्ठावीस आणि कन्याकुमारीहून जेमतेम आठ. हात लांब करून धरलेली मूठ साधारण दहा अंश झाकते. म्हणजे पुणे ते दिल्ली एक मूठ. कुणी म्हणेल, लांब गेलं की दिवा खाली दिसणारच. खरंय, पण सपाट जमिनीवर तो क्षितिजाखाली जाणार नाही, आणि सिडनीतून ध्रुवतारा दिसतच नाही. आपल्याकडे हिवाळ्यात दक्षिणेला ठळक दिसणारा अगस्त्य लंडनमधल्या मराठी माणसाला, आकाश कितीही स्वच्छ असलं तरी, कधीच दिसत नाही. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचं चंद्रग्रहण तुम्ही पाहिलं असेल, तर सावलीची गोलाकार कडही पाहिली असेल. ती सावली पृथ्वीची असते, हे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये लिहून ठेवलंय. हे सगळं बघायला फोन खिशात ठेवला तरी चालतं.

पण पुरावा पुरेसा असता, तर अंटार्क्टिकानंतर विषय संपला असता.

१८७० मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने जॉन हॅम्पडेनशी ५०० पौंडांची पैज लावली होती. इंग्लंडमधल्या एका सरळ कालव्यावर सहा मैलांत पाण्याची वक्रता दाखवायची. वॉलेसने ती दाखवली, पंचाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर हॅम्पडेनने कित्येक वर्षं पत्रांतून शिवीगाळ केली, प्रकरण कोर्टात गेलं. ही पैज लावल्याचा वॉलेसला पुढे पश्चात्ताप झाला.

म्हणून वाद घालण्याआधी मी आता एकच प्रश्न विचारतो: "काय दिसलं तर तू मत बदलशील?" सॉफ्टवेअरमध्ये जी टेस्ट फेल होऊच शकत नाही, ती टेस्टच नसते. समोरच्याकडे उत्तर नसेल, तर तिथेच थांबावं. आणि हाच प्रश्न आपण स्वतःलाही विचारायला हवा, नाहीतर आपला गोलही त्यांच्या सपाटाइतकाच आंधळा.

समोरच्याने खरंच मत बदललं, तर पुढची जबाबदारी आपली. मत बदलणारा माणूस बऱ्याचदा मित्र गमावतो, ओळख गमावतो. अशा माणसाला आपण "एवढं कळायला अंटार्क्टिकाला जावं लागलं?" असा टोमणा मारला, तर बघणारे बाकीचे काय शिकतील? ते शिकतील की चूक कबूल करणं तोट्याचं आहे. ज्या टीममध्ये "माझा कोड चुकलाय" म्हणणाऱ्याला हसतात, तिथे बग लपवले जातात. ज्या समाजात मत बदलणाऱ्याला हसतात, तिथे माणसं डोळे मिटून घेतात, आणि मग आकाशात काहीही दिसलं तरी उपयोग नसतो.