चूल कुठे मांडायची

आबा गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक आम्ही दोघा भावंडांनी मिळून उघडली. वर स्वेटर, त्याखाली गिरणीचं ओळखपत्र, सोडतीत लागलेल्या घराचे कागद आणि तळाशी एक लांबट वही. कागदांत आबांच्या हातची चिठ्ठी होती. खोली विकाल तेव्हा पैशाचे तीन भाग करा, तिसरा भाग ज्यांना घर नाही त्यांना द्या.

गिरणी कामगारांच्या २०१२ च्या सोडतीत लागलेली ती २२५ चौरस फुटांची खोली. तिचा तिसरा भाग पंचवीस लाख भरला. तो कसा खर्च करायचा यावर माझं आणि ताईचं दोन महिने जमलं नाही. ताई निवृत्त परिचारिका, मी निवृत्त शिक्षक. दर गुरुवारी तिच्याकडे डोंबिवलीला जायचं, चहा व्हायचा आणि मागच्या आठवड्याचा वाद जिथे थांबला तिथून सुरू व्हायचा.

माझ्या मनात एक जागा होती. भायखळ्याकडच्या एका फुटपाथवर साठेक कुटुंबं राहतात. समोरच एक गाळा रिकामा आहे. पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती. तो पाच वर्षांच्या करारावर घ्यायचा. आत आठ शेगड्यांचा ओटा, मोरी, दोन न्हाणीघरं, दोन संडास. बायका पाळीपाळीने स्वयंपाक करतील, मुलं नळाखाली अंघोळ करतील.

"आणि रात्री?" ताईने विचारलं.

"रात्री फुटपाथवरच झोपतील. झोपायची सोय पंचवीस लाखांत साठ कुटुंबांची कशी होणार?"

"साठांची नाही होणार. दोघांची होईल. नालासोपाऱ्याच्या पुढे बैठ्या चाळीतल्या दोन खोल्या घे, कागद चोख असलेल्या. दोन घरं कायमची रस्त्यावरून उठतील."

"साठांतली दोन कोण निवडणार?"

"मी निवडेन. अपघात विभागात चार माणसं एकदम आली की कोणाला आधी आत घ्यायचं, हे कोणीतरी ठरवतंच. ते ठरवताना हात कापतात, पण ठरवावं लागतं. तुला ते नको आहे, म्हणून तू सगळ्यांना थोडं थोडं वाटायला निघालास. क्षयाच्या रोग्याला अर्धवट औषध दिलं तर काय होतं, माहीत आहे ना? रोग मरत नाही. त्याला औषधाची सवय होते आणि पुढच्या वेळी तेच औषध चालत नाही. तुझा ओटा तसा होईल. फुटपाथवर जगणं थोडं सोपं होईल आणि लोक म्हणतील, चाललंय की त्यांचं बरं."

या बोलण्याने मी दोन दिवस अस्वस्थ होतो. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गाळ्याचा नकाशा काढताना मी ओट्याची उंचीसुद्धा ठरवली होती. पाच वर्षांनंतर काय, हा प्रश्न मात्र मी मनात आला की बाजूला सारत होतो.

पण नालासोपाऱ्याच्या पुढची खोली हेही पूर्ण औषध नव्हे. पुढच्या गुरुवारी मी १९८१ सालापासून सुरुवात केली. त्या वर्षी ऐन पावसाळ्यात फुटपाथवरच्या लोकांना उठवून गावी पाठवायचं फर्मान निघालं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस या पत्रकार आणि खुद्द फुटपाथवर राहणारे काहीजण अर्जदार होते. १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याच्या साधनाचा हक्क येतो, आणि ही माणसं फुटपाथवर राहतात ती कामाच्या जवळ राहायचं म्हणून.

"पुढचं सांग," ताई म्हणाली. "मलाही थोडं आठवतं."

"पुढे म्हटलं की नीट नोटीस देऊन आणि पावसाळा संपल्यावर हटवता येईल."

"म्हणजे हक्क मान्य केला, जागा नाही."

"हो. पण कारण मान्य केलं. माणूस तिथे का राहतो, तर काम तिथे आहे म्हणून. तू त्यांना नालासोपाऱ्याच्या पुढे नेशील तेव्हा ते कारण मागेच राहील. पहाटे चारला मंडईत पोचणारी बाई लोकलने कशी पोचेल? माहुलचं काय झालं आठव. तानसा जलवाहिनीच्या कडेची माणसं तिथल्या इमारतींत नेऊन ठेवली. पक्की घरं, लिफ्ट, सगळं. आणि आजूबाजूला तेलशुद्धीकरणाचे कारखाने. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ज्यांना तिथे राहायचं नाही त्यांना महिना पंधरा हजार रुपये भाडं द्या. घर मिळालं म्हणजे सुटका झाली असं होत नाही."

ताईने उत्तर दिलं नाही. चहाचे कप उचलून ती मोरीकडे गेली आणि तिथूनच म्हणाली, "त्या बायकांना कोणी विचारलं होतं का कधी, घर कसं हवं ते?"

विचारलं होतं, आणि तेही याच भायखळ्यात. १९८५ मध्ये 'स्पार्क' या संस्थेने फुटपाथवरच्या कुटुंबांची मोजणी केली, कारण सरकारी कागदांत ती कुठेच नव्हती. त्यातून या बायकांची 'महिला मिलन' उभी राहिली. झोपडपट्टीवासीयांचे नेते जोकिन अर्पुथम त्यांच्याबरोबर होते. त्यांना पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या बायका रोज रुपया-दोन रुपये बचतीला टाकत. घराचा नकाशा काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी साड्या बांधून खोली आखली, आत उभं राहून, बसून, झोपून पाहिलं. छत चौदा फूट उंच हवं, म्हणजे पोटमाळा काढता येईल, असं त्यांचं ठरलं. आणि पुष्कळ जणींनी सांगितलं की संडास घरात नको, चार घरांत मिळून एक द्या.

"हे मला पटत नाही," ताई एकदम म्हणाली. "बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. रात्रभर लघवी दाबून धरणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. मूत्रमार्गाचा त्रास घेऊन येतात आणि विचारलं की खाली बघतात. वयात आलेल्या मुलीला अंधारात चार घरं ओलांडून जायचं, हे काय असतं ते मला नकाशावरून सांगू नकोस."

"त्यांनीच सांगितलं, ताई. एवढ्याशा खोलीत चुलीला लागून संडास नको. पाणी नीट येत नाही, घाण कोण काढणार? आणि बाहेरचा संडास म्हणजे बायकांची एकमेकींशी बोलायची जागा."

"त्यांनी जे कधी पाहिलंच नाही ते त्या मागणार कशा? उपाशी माणूस भाकरी मागतो. त्याला दुधाची गरज असते, ती मागत नाही."

"मग आपण दूध ठरवायचं?"

"ठरवायचं असं नाही," ती थोडी थांबली. "पण माहीत असलेलं लपवायचंही नाही. त्यांनी सांगितलं म्हणून मान डोलावली की आपण सुटलो, असं मला वाटत नाही."

सार्वजनिक संडासांचा अनुभव मी तिला सांगितला. १९९९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुण्याच्या वस्त्यांमध्ये वस्तीतल्याच लोकांच्या हातून चारशेहून जास्त संडास-इमारती उभ्या राहिल्या. त्यात मुलांसाठी वेगळे, बुटके संडास ठेवले, कारण रांगेत मोठी माणसं मुलांना मागे ढकलतात आणि मग मुलं गटारावर बसतात. राखणदाराला राहायला खोली दिली, कुटुंबागणिक महिन्याचा पास ठेवला. जिथे राखणदार टिकला तिथे संडास टिकला. ताईने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि माझ्या नकाशावर न्हाणीघराशेजारी पेन्सिलीने एक छोटा चौकोन काढला. "मुलांचा," म्हणाली.

शेगड्यांवर मात्र ती अडली होती. दहा रुपयांत शिवभोजन थाळी मिळते, मग ओटा कशाला? मी म्हटलं, ताट मिळतं तेव्हा भूक भागते. पण तिखट किती घालायचं, आजारी पोराला पेज करायची का, दारी आलेल्याला चहा विचारायचा का, हे ताटात नसतं. ज्याच्याकडे चूल नाही तो कायमचा पाहुणा.

"आबा सगळी उमर पाहुणे होते की," ताई म्हणाली. आणि तिने ती लांबट वही काढली.

मी ती नीट पाहिलीच नव्हती. आई आणि आम्ही संगमेश्वराकडे गावी, आबा लालबागला गाळ्यावर वीस जणांत. दोन्ही वेळचं जेवण खानावळीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबला. वहीत त्या तारखेपासून पुढे एकेका दिवसापुढे दोन उभ्या रेघा, दोन जेवणांच्या. पंच्याहत्तर दिवस. शेवटी लिहिलेलं: बाकी. रक्कम लिहिलेली नव्हती, चुकतीची खूणही नव्हती.

गिरणगावात अशा खानावळवाल्या घरोघरी होत्या. किराणा उधार, व्याज सावकाराचं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते याच गळफासातून सोडवण्यासाठी. संपात जेवणारे गावी निघून गेले आणि उधारी कितीतरी बायकांच्या डोक्यावर बसली. आबांची खानावळवाली त्यांतलीच असणार. त्यांनी पुढे तिला शोधलं की नाही, हे विचारायला आता कोणी नाही.

"म्हणजे हे दान नाही," मी म्हटलं. "देणं आहे."

"आणि देणेकऱ्याने घेणेकऱ्याला सांगायचं नसतं, मी तुला पैशाऐवजी ओटा बांधून देतो म्हणून. किंवा खोली."

"मग?"

"मग तिला विचारायचं. पण ती बाई नाही, तू तिच्या जागी दुसऱ्या कोणाला उभं करतोयस. त्या फुटपाथवर लसूण सोलणाऱ्या बाईचं आपण काही खाल्लेलं नाही. ती आपली घेणेकरी कशी?" यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही.

आम्ही दोघं शनिवारी सकाळी त्या फुटपाथवर गेलो. लसूण सोलणारी बाई साठीकडे झुकलेली असेल. तिचे आईबाप १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून आलेले, ती त्यांच्या कडेवर. बोटांची कातडी लसणाने सोलवटलेली. तिने आमचं सगळं ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.

"खोल्या देणार असाल तर दोघींची नावं इथं मोठ्यानं घेऊ नका," ती म्हणाली. "आमी एकमेकींच्या पोरांवर नजर ठेवतो, तवा कामाला जाता येतं. दोघींना खोली लागली तर उरलेल्या उद्यापासनं एकमेकींकडं बघायच्या न्हाईत."

माझा चेहरा खुलला असावा. तिने माझ्याकडे पाहिलं.

"आन् भाऊ, तुमचा ओटाबी नको. पावसात चार दिवस बरा. पण चूल हितनं हलवायची न्हाई. मोजणीवाले येत्यात तवा काय मोजत्यात? चुली मोजत्यात. माझी चूल, तिची चूल. सगळ्यांचं एका ठिकाणी शिजाया लागलं तर साठ घरं एका घरात जमा धरतील."

मी गप्प झालो. जनगणनेची व्याख्या मी शाळेत शिकवत होतो: एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. ज्यांना भिंत नाही, दार नाही, त्यांचं घर असल्याचा पुरावा तीन विटा आणि काजळी एवढाच. तो पुरावा मी साठ दारांतून उचलून एका ओट्यावर ठेवायला निघालो होतो, मदत म्हणून.

"मग काय हवं तुम्हाला?" ताईने विचारलं.

"संडास द्या. मोरी द्या. आन् कुलूप लागंल असं कपाट. पालिकेची गाडी आली की भांडी जात्यात, ती परत घेता येत्यात. रेशनकार्ड गेलं, पोरीचा शाळेचा दाखला गेला, तर ते कुठनं आणायचं?"

परतीच्या गाडीत ताई बराच वेळ बाहेर बघत होती. कुर्ला गेल्यावर म्हणाली, "पास महिन्याचा ठेवायचा ना? पावती दे. छापील, क्रमांकाची. नाव, तारीख, कुठल्या फुटपाथवर राहते ते. झोपडीच्या बदल्यात फुकट घर हवं तर १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा मागतात. उद्या आणखी कुठली तारीख ठरली आणि कोणी विचारलं, तुम्ही इथे होता कशावरून, तर हातात काहीतरी असेल."

"म्हणजे तुझं घर सोडलंस तू?"

"सोडलं नाही. लांबणीवर टाकलं. मला ते आवडलेलं नाही, हे लक्षात ठेव. पाच वर्षांनी करार संपेल त्या दिवशी तुला त्यांच्यासमोर उभं राहावं लागेल. मी तेव्हा असेन नसेन."

"गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या," मी म्हटलं, "पण पंढरपूरची धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. कोणाच्या हाती सोपवायचं हे त्यांनी स्वतः पाहिलं. आपण त्या बायकांच्याच हाती किल्ली देऊ."

"भाडं कोण भरेल, किल्ली मिळाल्यावर?"

मी उत्तर दिलं नाही. डोंबिवली आलं.

घरी पोचल्यावर तिने आबांची वही उघडली. मागची पानं कोरी होती. तिने पट्टीने उभ्या रेघा ओढल्या, वर नाव, कपाट क्रमांक, महिना असं लिहिलं आणि बाजूला आकडे घालू लागली.

"साठपर्यंत घाल," मी म्हटलं.

"चौसष्ट," ती म्हणाली. "तू बोलत होतास तेव्हा मी विटा मोजत होते. चार चुली विझलेल्या होत्या. त्या बायका कामावर गेल्या होत्या."