कोणाच्या पापामुळे?

वाचनाचा भाग : योहान, अध्याय ९, वचने १ ते ७



जन्मांध मनुष्य वाटेत दिसताच शिष्यांनी प्रभूला विचारिले की, हे कोणाच्या पापाचे फळ, ह्याच्या की ह्याच्या आईबापांच्या? प्रभूने दोघांवरचाही दोष दूर केला, आणि त्या मनुष्याच्या डोळ्यांस हात लाविला. आपल्या देशात हाच प्रश्न देवीच्या रोगाविषयी पिढ्यान्‌पिढ्या विचारिला गेला. कोणी म्हणत, शीतलामाता कोपली; कोणी म्हणत, कुळधर्म सोडिला त्याचे हे फळ; आणि देवाने केलेला हा दंड होय असे म्हणणारेही होते. तर हा रोग खरोखर काय होता, ते पाहू.

१. रोग अंगात कसा शिरे. देवीचे मूळ एक विषाणू होय. रोग्याच्या श्वासातून व खोकल्यातून तो जवळच्या माणसाच्या नाकातोंडात जाई, आणि सुमारे बारा दिवस आतल्या आत वाढे. ह्या काळात मनुष्य निरोगीच भासे. मग एकाएकी कडक ताप, डोकेदुखी, पाठदुखी व ओकाऱ्या सुरू होत. दोनचार दिवसांनी तोंडात व घशात पुळ्या येत. नंतर चेहरा, हातपाय आणि सर्वांग भरून जाई. पुळ्यांत प्रथम पाणी, मग पू होई, व शेवटी खपल्या धरत. अखेरची खपली गळेपर्यंत तो रोग दुसऱ्यास लागू शके.

२. मृत्यू का येई. फोड कातडीवर दिसत, परंतु खरा घाव आत असे. विषाणू रक्ताबरोबर प्लीहा, यकृत व इतर इंद्रियांत पसरे. शरीर त्याच्याशी झुंजे, आणि त्या झुंजीत रक्ताचा दाब उतरून एकेक इंद्रिय थकत जाई. घसा फोडांनी भरल्यामुळे पाण्याचा घोटही गिळवत नसे. कित्येकांस कातडीखाली रक्तस्राव होई. त्यांतून क्वचितच कोणी वाचे. तीव्र प्रकारच्या देवीत लस न टोचलेल्या दहा रोग्यांपैकी सुमारे तीन मरत, बहुधा दुसऱ्या आठवड्यात. जे वाचत त्यांच्या तोंडावर वण राहत, आणि काहींचे डोळे जात. एकदा रोग जडल्यावर तो बरा करील असे औषध कोणापाशी नव्हते.

बंधूंनो, ह्या विषाणूस पापी कोण व धार्मिक कोण हे ठाऊक नव्हते. जी आई तापलेल्या लेकराला उराशी धरून रात्रभर बसे, तिला तो लवकर गाठी. मग तिची माया हेच तिचे पाप म्हणावे काय?

३. रोग कसा गेला. १७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नर ह्या खेड्यातील वैद्याने गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडातील लस एका आठ वर्षांच्या मुलास टोचली. १८०२ साली मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस हिंदुस्थानातील पहिली लस टोचण्यात आली. ह्या विषाणूस मनुष्याखेरीज दुसरे बिऱ्हाड नव्हते. म्हणून पुढे रोगी शोधून त्याच्या सभोवतालच्या सर्वांस लस टोचीत गेल्यावर त्याची वाट खुंटली. भारतातील शेवटचा रोगी १९७५ साली आढळला. १९७७ साली सोमालियात अली माओ मालिन ह्या इस्पितळातील स्वयंपाक्यास देवी आल्या. निसर्गतः झालेला तो जगातील शेवटचा रोगी. दुखेल ह्या भयाने त्याने लस टाळिली होती. तो वाचला; आणि पुढे पोलिओचा डोस बाळांस द्यावा म्हणून आपली गोष्ट आईबापांस सांगत फिरला. १९८० साली देवी जगातून नाहीशा झाल्याचे जाहीर झाले.

४. आपल्यासाठी बोध. देवी गेल्या, परंतु शिष्यांचा तो प्रश्न गेला नाही. आजही कोणास क्षय वा कुष्ठ झाला, कोणाच्या घरी अपंग लेकरू जन्मले, म्हणजे शेजारी कुजबुजतात की, ह्यांनी काय केले असेल? मंडळीत ही कुजबूज ऐकू येता कामा नये. ज्यांनी शीतलेला नवस केले त्यांसही हसू नये. त्या भ्यालेल्या आयाच होत्या. उपदेशक बंधूंनी आजाऱ्याच्या घरी जाताना दोष शोधावयास जाऊ नये, तर पाण्याचा तांब्या घेऊन जावे, दवाखान्याची वाट दाखवावी, आणि गोवर व पोलिओची लस लेकरांस वेळेवर द्यावयास सांगावे. प्रभूने दोष कोणाचा ते मोजिले नाही; चिखल कालवून आपले हात मळविले. त्याच्या शिष्यांचे हात कोरडे राहू नयेत. आमेन.