पणाविना द्यूत

खेळांवर पैसे लावण्याची सोय देणाऱ्या ऑनलाइन कंपन्या आपल्या ग्राहकांचा समुदाय बांधून ठेवण्यासाठी जी साधने वापरतात, त्यांत सर्वांत निरुपद्रवी दिसणारे साधन म्हणजे फुकटचा अंदाज-खेळ होय. ब्रिटनमधील स्काय बेट या कंपनीचा ‘सुपर सिक्स’ हा त्याचा परिचित नमुना आहे: सहा फुटबॉल सामन्यांचे गोलफलक आधी सांगायचे, त्यासाठी शुल्क काहीच द्यायचे नाही, सहाही अचूक आले तर मोठे रोख बक्षीस मिळते आणि न आले तरी जमलेल्या गुणांवरून मित्रमंडळींत क्रमवारी लागते. क्रिकेटमध्ये नाणेफेक कोण जिंकेल, कोणत्या गोलंदाजाला पहिला बळी मिळेल, ठरावीक षटकांत किती धावा होतील (सट्टेबाजांच्या भाषेत यालाच ‘सेशन’ म्हणतात) अशा प्रश्नांवर हेच चालते. या खेळांचे समर्थन साधे आहे: ज्यात गमावण्यासारखे काही नाही त्याला जुगार म्हणता येत नाही आणि जुगार नसेल तर दोषही नाही. हे समर्थन मान्य करण्यापूर्वी एका जुन्या प्रश्नाकडे वळावे लागते, तो असा की द्यूताचा दोष नेमका कोठे राहतो.

धर्मशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी पणाच्या, म्हणजे हरल्यास द्यावयाच्या वस्तूच्या, आधारे दिले. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात निर्जीव वस्तूंनी खेळल्या जाणाऱ्या द्यूतापासून प्राण्यांच्या झुंजीवर लावल्या जाणाऱ्या पैजेला, म्हणजे समाह्वयाला, वेगळे काढले आहे आणि दोहोंना राजाने राज्यातून हद्दपार करावे असे सांगितले आहे; या वर्गीकरणात आजचा क्रिकेटचा सट्टा फाशांपेक्षा कोंबड्यांच्या झुंजीच्या जवळचा ठरेल, ही गोष्ट खेळाडूंना फारशी सुखावणारी नाही. याज्ञवल्क्यस्मृती आणि कौटिलीय अर्थशास्त्र मात्र बंदीऐवजी देखरेखीचा मार्ग धरतात. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष खेळ एकाच ठिकाणी चालवतो, खोटे फासे टाकणाऱ्याला दंड करतो आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा 5 इतका वाटा घेतो. बंदी घालणारा असो वा कर घेणारा, दोघांचेही लक्ष हातांतून हातांत जाणाऱ्या धनावर, त्यामुळे होणाऱ्या फसवणुकीवर आणि कलहावर आहे. पैसा वगळला तर या ग्रंथकारांकडे बोलण्यासारखे फारसे उरत नाही.

बौद्ध परंपरेत याच विषयाकडे पाहण्याची दुसरी रीत सापडते. दीघनिकायातील सिगालोवाद सूत्र गृहस्थाला द्यूताचे जे सहा दुष्परिणाम सांगते, ते मुख्यतः पणाशीच निगडित आहेत: जिंकणारा वैर ओढवून घेतो, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, संपत्ती ओसरते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, आणि असा माणूस बायकोला पोसू शकणार नाही म्हणून त्याला कोणी मुलगी देत नाही. परंतु त्याच निकायाच्या पहिल्या, म्हणजे ब्रह्मजाल सूत्रात, श्रमणाने टाळावयाच्या खेळांची एक लांबलचक यादी येते आणि तीत फासे, आठ व दहा घरांचे पट, चेंडू यांच्याबरोबरच ‘अक्खरिका’ आणि ‘मनेसिका’ अशी दोन नावे येतात. अक्खरिका म्हणजे हवेत किंवा पाठीवर बोटाने काढलेले अक्षर ओळखणे. मनेसिका म्हणजे दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखणे. या दोहोंत पण नाही, धन नाही, हरणाऱ्याचे काही जात नाही, आणि तरीही सूत्र त्यांना फाशांच्याच ओळीत बसवते, कारण यादीचा निकष प्रमाद आहे, म्हणजे सावधानता सुटून चित्त भरकटत जाणे. हा नियम भिक्षूंसाठी आहे, गृहस्थांसाठी नाही, हे खरे. त्याच्या बळावर पोराटोरांच्या खेळांना पाप ठरवणे हा अतिरेक होईल. तरीही त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या परंपरेला अंदाज बांधण्याची ओढ आणि पैसे लावण्याची ओढ या एकाच कुळातल्या वाटत होत्या.

अंदाज खरा ठरला तर सांगणाऱ्याला ज्ञान होते असे म्हणता येईल काय, हा पुढचा प्रश्न आहे, आणि त्याचा सर्वांत धारदार विचार बाराव्या शतकातील श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात केला आहे. प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, ही तत्त्वाची अनुभूती होय अशी व्याख्या त्याच्यापुढे आहे, आणि तिची अतिव्याप्ती दाखवण्यासाठी, म्हणजे जे ज्ञान नव्हे तेही तिच्यात कसे शिरते हे दाखवण्यासाठी, तो नेमका एक अंदाज-खेळच पुढे करतो. एकाने मुठीत पाच कवड्या झाकल्या आहेत आणि किती आहेत असे तो विचारतो. दुसरा काही आधार नसताना ‘पाच’ म्हणतो. मूठ उघडल्यावर कवड्या पाचच निघतात. सांगितलेले वस्तुस्थितीशी जुळले, तरी त्याला ज्ञान म्हणायला कोणी धजत नाही, कारण कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसा हा योग आहे. न्यायदर्शनात अनुमान म्हणतात ते वेगळे: त्याला हेतू लागतो, म्हणजे धुरासारखी एखादी खूण, आणि व्याप्ती लागते, म्हणजे जेथे धूर तेथे अग्नी असा अव्यभिचारी संबंध. मराठीत ‘अंदाज’ हा एकच शब्द या दोन्ही गोष्टींसाठी सहज वापरला जातो, ही सोय सट्ट्याच्या बाजाराला फार उपयोगी पडते.

कारण फुकटच्या अंदाज-खेळात नेमके श्रीहर्षाने अडवलेले पाऊल टाकले जाते. मूठ उघडल्याबरोबर बरोबर आलेल्या उत्तराला गुण मिळतात, गुणांवरून क्रमांक लागतो, क्रमांकाशेजारी सलग किती अंदाज खरे ठरले ते झळकते, आणि योगायोगाने जुळलेले उत्तर हळूहळू व्यक्तीच्या जाणकारीचा पुरावा बनते. यातील गणित अगदी साधे आहे. 1,024 माणसांनी केवळ नाणे उडवून लागोपाठ 10 सामन्यांचे विजेते सांगितले, तर दहाही बरोबर येणारा सरासरी एक माणूस निघतोच, आणि समुदाय जितका मोठा तितके असे ‘जाणकार’ अधिक. क्रमवारी त्या एकालाच वर आणते आणि उरलेल्या 1,023 जणांना खाली सरकवते. वर आलेल्याला मात्र आपल्याला खेळ कळतो असे प्रामाणिकपणे वाटू लागते. एलेन लँगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीने 1975मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नियंत्रणाचा भ्रम म्हणून जी गोष्ट मांडली, ती हीच: निव्वळ दैवाधीन प्रसंगातही निवड करण्याची मुभा मिळाली की माणूस निकाल आपल्या हातात आहे असे समजून वागू लागतो. अंदाज-खेळ ही मुभा फुकट देतो. पैसे लावण्यापूर्वी लागणारा आत्मविश्वास येथे तयार होतो, आणि तो तयार करण्यासाठी ग्राहकाकडून एक रुपयाही घ्यावा लागत नाही.

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी होतो आणि त्याला विदर्भाकडे नेत असताना राजा वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो. बेहड्याचेच झाड यावे हा योगायोग नाही, कारण त्या काळी फासे म्हणून याच झाडाच्या बिया वापरल्या जात. नलाची प्रतिक्रिया येथे महत्त्वाची आहे: तो राजाची वाहवा करीत नाही, उशीर होत असतानाही रथ थांबवतो आणि मोजून पाहिल्याशिवाय मान्य करणार नाही म्हणतो. मोजल्यावर संख्या जुळते. तेव्हाही तो थांबत नाही, तर हे कशामुळे कळले ते विचारतो, आणि अश्वविद्येच्या मोबदल्यात अक्षहृदय, म्हणजे फाशांचे आणि गणनेचे शास्त्र, शिकून घेतो. ते शिकताच त्याच्या देहात शिरलेला कली बाहेर पडून त्याच झाडात आश्रय घेतो. उत्तर जुळले या आनंदावर न थांबता उत्तराच्या आधाराची चौकशी करणारा माणूस कलीच्या तावडीतून सुटतो, असा या प्रसंगाचा अर्थ लावता येतो. पुढे त्याच कथेचा श्रोता युधिष्ठिर ती सांगणाऱ्या बृहदश्वाकडून अक्षहृदय घेतो आणि अज्ञातवासात विराटाच्या दरबारी कंक नावाने फासेच खेळत बसतो, तेव्हा महाभारत द्यूताला सरसकट निषिद्ध मानते असे म्हणण्याची सोय उरत नाही.

फुकटच्या अंदाजाच्या बाजूने एक अधिक सूक्ष्म युक्तिवाद करता येतो. पैसा नाही म्हणजे लोभ नाही, लोभ नाही म्हणजे फळाची आसक्ती नाही, तेव्हा असा खेळ गीतेतल्या निष्काम कर्माच्या जवळ जातो, असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद पाहता पाहता उलटतो. निष्काम कर्मात कर्म पूर्ण असते आणि फळावरची पकड सुटलेली असते. अंदाज बांधणाऱ्याच्या बाबतीत चेंडू टाकणारा एक, फटका मारणारा दुसरा, झेल घेणारा तिसरा, आणि त्याच्या स्वतःच्या वाट्याला फळाची वाट पाहणे एवढेच येते. कर्म शून्य आणि आसक्ती पूर्ण अशी ही अवस्था आहे. साधा प्रेक्षकही कर्म करीत नाही, परंतु तो निदान खेळ पाहतो. चांगला फटका विरुद्ध संघाने मारला तरी दाद देण्याची मोकळीक त्याला असते. ज्याने पहिल्या सहा षटकांत 48 धावा सांगितल्या आहेत, त्याला 49वी धाव खुपते, मग ती कितीही देखणी असो.

तरीही सर्व अंदाज-खेळांना एकाच मापाने मोजता येणार नाही. मुठीत चिंचोके घेऊन ‘एकी की बेकी’ विचारणारी मुले श्रीहर्षाचाच खेळ खेळतात, पण मूठ उघडली की तो डाव संपतो आणि उद्या कालचा हिशेब कोणी काढत नाही. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, द्यूतप्रतिपदा असे दुसरे नाव आहे आणि त्या दिवशी फासे खेळणे विहित मानले गेले. शिव-पार्वतीच्या ज्या द्यूताशी ही प्रथा जोडली जाते, ते वेरूळच्या लेण्यांत एकाहून अधिक ठिकाणी कोरलेले आहे. पाडव्याच्या खेळात तर पणही असतो, मात्र खेळाला एका दिवसाची हद्द असते. ऑनलाइन अंदाज-खेळाची रचना याच्या बरोबर उलट आहे: रोज नवा सामना, रोज नवा प्रश्न, आणि एक दिवस चुकला तर आधीची सलग मालिका तुटण्याची भीती. हद्द नसणे आणि हिशेब कधीच न मिटणे, हे त्याचे वेगळेपण आहे, आणि ब्रह्मजाल सूत्रातील प्रमादाची कल्पना येथे गृहस्थालाही लागू पडते.

अंदाजाची ही ओढ मुंबईने आधी अनुभवली आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व बंद होत्या भावांचे आकडे सांगण्यावर येथे सट्टा चाले. 1961मध्ये ते आकडे येणे थांबल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरवला जाऊ लागला आणि मटका हे नाव रूढ झाले. कापसाच्या भावाचा अंदाज बांधण्यात निदान कापसाशी काही संबंध असण्याची शक्यता होती, चिठ्ठीशी कशाचाच नव्हता, पण आकडा लावणाऱ्यांच्या उत्साहात त्यामुळे घट झाली नाही; स्वप्नात काय दिसले यावरूनही आकडे काढले गेले. ‘ओपन’ काय येईल, ‘क्लोज’ काय येईल, ही चर्चा गिरणगावात पैसे न लावणाऱ्यांच्याही तोंडी असे. त्या चर्चेवर कोणताही कायदा लागू होत नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने 1957मध्ये चमारबागवाला खटल्यात शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचा विचार करताना ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून मनूपर्यंतचा आढावा घेतला आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार होऊ शकत नाही असे ठरवले. त्या कोड्यांत एकाच सूचनेला एकाहून अधिक सयुक्तिक उत्तरे संभवत, ही गोष्ट त्यांचे जुगारी स्वरूप उघड करणारी मानली गेली. त्यानंतर कित्येक दशके कौशल्य की दैव याच कसोटीवर वाद चालले, घोड्यांच्या शर्यतींना 1996मध्ये कौशल्याचा खेळ म्हणून मान्यता मिळाली, आणि काल्पनिक संघ निवडण्याचे खेळही त्याच वाटेने गेले. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने ही कसोटी बाजूला सारली आणि कौशल्य असो वा दैव, पैसे लावून खेळण्याच्या सर्व ऑनलाइन खेळांना बंदी केली. ज्यांत पैसा किंवा पैशात बदलता येणारी नाणी व टोकने पणाला लागत नाहीत असे मनोरंजनाचे खेळ सामाजिक खेळ म्हणून मोकळे राहिले, आणि ड्रीम इलेव्हनसारख्या कंपन्याही सशुल्क स्पर्धा बंद करून फुकटच्या खेळांकडे वळल्या. कायद्याची दृष्टी मनू-याज्ञवल्क्यांचीच आहे आणि कायद्याकडून याहून वेगळी अपेक्षा ठेवणे वाजवी नाही. चित्ताची सावधानता सुटली की नाही हे कोणतेही न्यायालय पुराव्यानिशी ठरवू शकत नाही. क्रमवारीतील वरचा क्रमांक पैशात बदलता येत नाही, म्हणून तो या व्याख्येनुसार पण ठरत नाही, आणि तो टिकवण्यासाठी रोज रात्री उद्याच्या सामन्याचा आकडा भरणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने काहीही पणाला लावत नसतो.