शिंतोडे न उडवणारा सूर

पाण्यात सूर मारण्याच्या स्पर्धेत, म्हणजे डायव्हिंगमध्ये, परीक्षक हवेतल्या गिरक्यांइतकेच शरीर पाण्यात शिरण्याच्या क्षणाकडेही लक्ष ठेवतात आणि शिंतोडे जितके कमी उडतील तितके गुण अधिक देतात. खळबळीची खूण मागे न ठेवण्याच्या या कलेत अमेरिकेच्या ग्रेग लुगानिसची बरोबरी त्याच्या काळात कोणी करू शकले नाही. दुर्दैव असे, की जगतानाही त्याला तीच कला वापरावी लागली. त्याने एरिक मार्कस यांच्यासह लिहिलेले आत्मचरित्र 1995 साली प्रसिद्ध झाले आणि त्यावर बेतलेली ‘ब्रेकिंग द सर्फेस’ ही टेलिफिल्म 1997 साली यूएसए नेटवर्क या वाहिनीवर आली. तीत मारिओ लोपेझने लुगानिस रंगवला.

दत्तक घेतलेला, सावळ्या रंगामुळे आणि डिस्लेक्सियामुळे, म्हणजे वाचताना अक्षरांची ओळख व जुळणी अवघड होण्याच्या अडचणीमुळे, शाळेत चिडवला गेलेला हा मुलगा सोळाव्या वर्षी माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवतो, 1980 साली अमेरिकेने टाकलेल्या बहिष्कारामुळे मॉस्को ऑलिम्पिकला मुकतो आणि 1984 साली लॉस एंजेलिसला दोन सुवर्णपदके जिंकतो, हा आलेख कोणत्याही चरित्रपटाला सहज पेलणारा आहे.

खरी कसोटी सोल ऑलिम्पिकची आहे. 19 सप्टेंबर 1988 रोजी, तीन मीटर उंचीच्या लवचीक फळीवरच्या प्राथमिक फेरीत, त्याने ‘रिव्हर्स’ प्रकारचा सूर मारला. यात खेळाडू पाण्याकडे तोंड करून उडी घेतो, पण गिरकी मात्र उलट, फळीच्या दिशेने घेतो, त्यामुळे उडी पुरेशी पुढे गेली नाही तर डोके फळीच्या वाटेत येते. तसेच घडले. डॉ. जेम्स पफर यांनी हातमोजे न घालता टाके घातले, लुगानिस थोड्याच वेळात पुन्हा फळीवर चढला आणि पुढे त्याने दोन्ही सुवर्णपदके राखली. आपल्याला एचआयव्हीची लागण झाली आहे, हे त्याला सहा महिन्यांपूर्वीच कळले होते. तलावाच्या पाण्यातून कोणाला धोका नव्हता, पण डॉक्टरांना होता, आणि तरीही तो बोलू शकला नाही. पुढे डॉक्टरांची चाचणी सुदैवाने नकारात्मक आली. या मौनाचे समर्थन करता येत नाही; मात्र बोलला असता तर त्याच्या खेळाचे काय झाले असते, हा प्रश्न टाळून त्याला दोषी ठरवणेही अप्रामाणिकपणाचे आहे.

येथे टेलिफिल्म या प्रकाराची मर्यादा उघडी पडते. जाहिरातींच्या खंडांत बसवलेल्या कथेला एक ठळक आघात आणि एक मोकळी कबुली लागते. आघात क्षणभराचा असल्याने तो दाखवता येतो. पण 1994 साली न्यूयॉर्कच्या गे गेम्समध्ये समलिंगी असल्याचे आणि 1995 साली दूरचित्रवाणी पत्रकार बार्बरा वॉल्टर्स यांनी घेतलेल्या मुलाखतीत आजाराचे जाहीर सांगेपर्यंत, एका पुरुषाने स्वतःच्या प्रत्येक वाक्यावर ठेवलेला पहारा कॅमेऱ्यात मावत नाही. शिवाय कबुलीपाशी पडदा पडला, की समाजाची परीक्षा संपल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती तेथून सुरू होते. व्हीटीज या न्याहारीच्या पदार्थाच्या खोक्यावर विजेत्यांची छायाचित्रे छापण्याची अमेरिकेत जुनी प्रथा आहे. चार सुवर्णपदकांच्या या मानकऱ्याचे चित्र त्यावर आले ते 2016 साली, सोलनंतर 28 वर्षांनी.